दोन कॅथलिक विद्यापीठे आणि घरची नात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतून दरसाल वसंत ऋतूत इकडील वडीलधाऱ्यांस एक प्रश्न येतो. नातीस दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे, १ मेपर्यंत होकार कळवावयाचा आहे, कोठे पाठवावी? ती दोन्ही कॅथलिक निघाली, म्हणजे आजीच्या मनात पहिली शंका धर्माची येते. ही शंका हसण्यावारी नेणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली जेझुइट पाद्र्यांनीच काढले, आणि आपल्या घरांतील कित्येक मुले तेथे शिकून, जानवे शाबूत ठेवून परत आली, हे आजीसही ठाऊक असते.

उदाहरणादाखल जॉर्जटाउन व नोटर डेम ही दोन घेऊ. जॉर्जटाउन त्याच जेझुइटांचे; वॉशिंग्टन शहरी, पोटोमॅक नदीकाठी, बिशप जॉन कॅरल यांनी १७८९ त स्थापिलेले. नोटर डेम हे इंडियाना राज्यात साउथ बेंड गावाशेजारी, होली क्रॉस पंथाचे फादर सोरिन यांनी १८४२ त काढलेले. दोहोंकडे, विद्यार्थी कोणत्याही धर्माचा असो, थिऑलॉजीचे, म्हणजे ईश्वरशास्त्राचे, दोन अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. उपासनेस हजर राहण्याची सक्ती मात्र कोठेही नाही. शंकराचार्य व रामानुज यांचा वाद ज्या घरी जेवणाच्या पंक्तीस रंगतो, त्या घरच्या मुलीस एवढे ईश्वरशास्त्र बाधेल, असे आम्हांस वाटत नाही.

खरा भेद वर्गात नसून वसतिगृहात आहे. नोटर डेमची वसतिगृहे मुलांची व मुलींची निरनिराळी. प्रत्येकात स्वतंत्र प्रार्थनामंदिर, आणि पहिली तीन वर्षे तेथेच राहण्याचा नियम. बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक. शरद ऋतूतील शनिवारी फुटबॉलचा सामना असला, की सारे गाव लोटते. हे एक मोठे एकत्र कुटुंबच म्हणावयाचे: आजारपणात कोणीतरी विचारपूस करील, आणि आजारपण नसतानाही करील! कित्येक मुलींस हे मानवते, कित्येकींचा जीव गुदमरतो. जॉर्जटाउनला राजधानी दाराशी आहे. १९१९ पासून चाललेली परराष्ट्रसेवेची शाळा तेथील भूषण होय. निरनिराळ्या धर्मांची मुले तेथे अधिक भेटतात, आणि २०१६ साली त्या विद्यापीठाने पूर्ण वेळाचा हिंदू धर्मगुरूही नेमला. परंतु मुलीस यंत्रशास्त्र शिकावयाचे असेल, तर हा सारा विचार व्यर्थ आहे. अभियांत्रिकीचे महाविद्यालय नोटर डेमला आहे, जॉर्जटाउनला नाही.

पैशाचा विषय मुलीपासून लपवू नये. दोन्ही ठिकाणचा छापील खर्च छाती दडपविणारा आहे. पण सिद्ध झालेली गरज भागविण्याचे धोरण दोघांचेही आहे, आणि गरज मोजण्याच्या रीती मात्र भिन्न आहेत. म्हणून दोन्ही पत्रे शेजारी ठेवून अनुदान किती व कर्ज किती, हे वेगळे काढावे. कर्जासही साहाय्यात धरण्याची तिकडे चाल आहे. आम्ही त्यास कर्जच म्हणू. एकाचे अनुदान फार कमी आढळल्यास दुसऱ्याचे पत्र जोडून फेरविचाराची विनंती करण्यास संकोच नसावा.

यापुढे वडिलांनी निर्णय सांगू नये, प्रश्न विचारावे. मुलीस समारंभाच्या दिवशी न धाडता साध्या कामाच्या दिवशी धाडावे. ईश्वरशास्त्राच्या एखाद्या तासास बसू दे, शाकाहारी ताट कसे मिळते ते पाहू दे, रात्री वसतिगृहात मुली काय बोलतात ते ऐकू दे. साउथ बेंडला सरोवरावरून येणारे हिम फार पडते, तेही शक्य तर हिवाळ्यातच पाहावे. परतल्यावर तिने काय पाहिले हे आधी ऐकून घ्यावे, आणि आपले मत तिने विचारल्यावरच द्यावे.

एकीकडे होकार गेला, की दुसरीकडे नकाराचे दोन शब्द त्याच दिवशी कळवावे. प्रतीक्षायादीवरील कोणा मुलीस ती जागा मिळण्याचा संभव असतो.