उसाला हप्ता, बाळाला घास



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, पाचट आणि खोडवा यांविषयी बोलतो. आता गळीत हंगाम आटोपला आहे, टोळ्या आपापल्या गावी परतल्या आहेत आणि वजनकाट्यावरची गाड्यांची रांग मोडली आहे. तेव्हा या अंकात थोडे घरचे बोलावे म्हणतो. गोष्ट माझ्या घरची आहे. पण हंगामाच्या धामधुमीत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तीच घडत असते, म्हणून ती सांगण्याचा संकोच करीत नाही.

आमचा थोरला मुलगा अकरा वर्षांचा. तो झाला तेव्हा मी शेतकी खात्यात नवा होतो. नोंदी, तोडणी प्रोग्रॅम, वाहने यांतच दिवस जायचा. पोराने पहिले पाऊल टाकले ते मला फडाच्या बांधावर उभा असताना फोनवर कळले. तेवढ्यात ट्रॉली रुतल्याची वर्दी आली आणि ती बातमी तिथेच राहिली. दहा वर्षांच्या अंतराने, गेल्या एप्रिलमध्ये, घरात मुलगी आली. या वेळी तसे होऊ द्यायचे नाही, असे मनाशी पक्के केले होते. पण हंगाम कुणाच्या पक्क्याला जुमानतो का? दिवाळी झाली, मोळी टाकली गेली आणि माझे रात्रीचे जेवण पुन्हा अकराला, झाकून ठेवलेल्या ताटात.

रेषा आडवी झाली

पहिले सहा महिने पोर आईच्या दुधावर छान वाढली. जन्मतः वजन २ किलो ७०० ग्रॅम होते, ते सहा महिन्यांना ६ किलो ६०० ग्रॅम झाले. त्यानंतर वरचे अन्न सुरू केले. डिसेंबरच्या शेवटी अंगणवाडीत वजन केले, तर काटा ६ किलो ७०० वर थांबला. अडीच महिन्यांत वाढ अवघी १०० ग्रॅम! सेविकाताईंनी वाढीचे कार्ड माझ्यापुढे धरले. "साहेब, रेषा बघा. वर चढत होती, आता आडवी झालीय. पोरीला काय देता?"

मला उत्तर देता येईना. हजारभर प्लॉटांच्या लागणीच्या तारखा ज्याच्या वहीत, त्याला स्वतःची पोर संध्याकाळी काय खाते ते ठाऊक नव्हते. सौ.ने सांगितले, "दोन वेळा डाळीचं पाणी, एकदा भाताची पेज. रडायला लागली की बिस्किट दुधात बुडवून." वरण गाळून वरचे पाणी वाटीत घ्यायचे, डाळ आमच्यासाठी खाली राहायची.

ताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, "उसाला नुसतं पाणी दिलं तर टनेज येतं का हो साहेब?"

सभासद बंधूंनो, आडसाली लागणीला नत्र आपण चार हप्त्यांत देतो. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. फुटव्यांच्या वेळचा हप्ता चुकला, तर पुढे दुप्पट युरिया टाकूनही मेलेला फुटवा परत येत नाही, हे मी दर मेळाव्यात घसा कोरडा करून सांगतो. बाळाचेही तेच आहे. साधारण सहाव्या महिन्यापर्यंत त्याचे वजन जन्मवजनाच्या दुप्पट होते, वर्षाला तिप्पट. सहा महिन्यांनंतर आईचे दूध हवेच, पण ते एकटे पुरत नाही. लोह आणि ताकद वरच्या अन्नातून यावी लागते. डाळीच्या पाण्याने पोट फुगते, मूल गप्प होते आणि आपल्याला वाटते जेवले!

एकाच कुकरची गोष्ट

उपाय फार खर्चाचा निघाला नाही. आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक साधा झाला, एवढेच. तांदूळ आणि मुगाची डाळ, त्यात घरचे असेल ते एक गाजर नाहीतर बटाटा, मूठभर पालक. सगळे एकाच कुकरात. शिटी गेली की मीठ-तिखटाच्या आधी बाळाची अर्धी वाटी बाजूला काढायची, पळीने घोटायची, वर चमचाभर तूप. चमचा तिरका केला तर घास ओघळून खाली पडता कामा नये, ही ताईंनी सांगितलेली खूण. ओघळला तर तो पातळ. मग उरलेल्या खिचडीला लसणाची फोडणी, सोबत भाकरी, ठेचा आणि ताक. सगळ्या घराचे जेवण झाले. एक दिवस खिचडी, एक दिवस नाचणीची घट्ट लापशी, एखाद्या दिवशी चांगले उकडलेले अंडे कुस्करून. शेंगदाणा द्यायचा तर बारीक कूट करूनच. अख्खा दाणा घशात अडकतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला असे दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे लागते, शिवाय अंगावरचे दूध चालूच.

आता आपल्या धंद्याच्या मुळावर येणारी एक गोष्ट सांगतो, संचालक मंडळाने राग मानू नये! बाळाच्या वाटीत साखर घालायची नाही, गूळही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार-सूचनांमध्ये पहिली दोन वर्षे वरून साखर देऊ नये असेच म्हटले आहे. गोडाची चटक लागली की बाळ भाजी-डाळ तोंडात धरत नाही, आणि दात येतात तेच किडायला. मीठही वर्षभर नको. आमच्या आईला हे पटेना. "आरं, तुला मी मधाचं बोट चाटवून वाढवलाय, काय झालं तुला?" म्हणाली. पण वर्षाच्या आतल्या मुलाला मध तर मुळीच देऊ नये. त्यात कधी कधी असे जंतू असतात की त्यांच्या विषाने लहान बाळाचे अंग लुळे पडते. मोठ्या माणसाला त्याचे काही होत नाही, म्हणून आपल्याला ते खरे वाटत नाही. आई दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी तीच शेजारणीला सांगत होती, "आमच्यात मध देत न्हाईत."

दुसरा बदल ताटाच्या क्रमाचा. आपल्याकडे बाळाची आई सगळ्यांच्या मागून, उरले-सुरले खाते. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जादा लागतात. म्हणजे अडीच-तीन भाकरींची ताकद, आणि तिच्याच वाट्याला खरवड! आता साडेसातला सगळे एकदम बसतो. बाळाचा घास माझ्याकडे, म्हणजे तिच्या आईला दोन्ही हातांनी जेवता येते. जेवून मी पुन्हा मोटारसायकल काढून यार्डात जातो. रोज जमले असे म्हणणार नाही. गव्हाण बंद पडली, रस्त्यात ट्रॉली उलटली, अशा रात्री चुकल्याच. पण आठवड्यातले चार-पाच दिवस साधले.

घास आणि मोबाईल

एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगतो. पहिल्या दिवशी पोरगी तोंड उघडेना. मी मोबाईलवर नाचरी चित्रे लावली. लगेच आ वासला, वाटी पाच मिनिटांत रिकामी. मला वाटले, जिंकले! चार दिवसांनी मोबाईलशिवाय ती घासाकडे बघेनाशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात दाखवू नका असे सांगितले. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ साली दोन वर्षांपर्यंत तेच सांगितले. परगावच्या आजोबांशी तोंड बघून बोलायचे असेल तेवढीच सूट. पडद्याकडे बघत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे समजत नाही, चवही समजत नाही. मोबाईल फळीवर ठेवला. दोन दिवस रडारड झाली. मग थोरला ताटाशेजारी वाटी वाजवू लागला आणि ती त्याच्याकडे बघून खाऊ लागली.

रविवारचा सिनेमा

म्हणून सिनेमा घरातून हद्दपार केला असे नाही. महिन्यातून एका रविवारी पोरगी झोळीत झोपली की बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून आम्ही एक सिनेमा बघतो. सोबत कांदा घातलेले चुरमुरे. आईला अशा वेळी जत्रेतला तंबू आठवतो. मला मांडीवर घेऊन ती वाळूत बसायची. गर्दी झाली की पडद्याच्या मागच्या बाजूला जागा मिळायची आणि तिथून नायक डावखुरा दिसायचा!

फेब्रुवारीत आम्ही 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिला. परेश मोकाशी यांचा २००९ चा चित्रपट. नाव ऐकून थोरला म्हणाला, "बाबा, यांचा सीझन कधी संपतो?" गोष्ट दादासाहेब फाळके यांची. त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा काढला त्याची. १९१३ साली मुंबईत तो लोकांपुढे आला. पण त्यामागचे घर आपण विसरतो. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही त्या शिकल्या. पोरगा भालचंद्र रोहिदास झाला. म्हणजे आपल्या देशाचा सिनेमा मुळात एका चुलीच्या आधाराने उभा राहिला.

त्याही आधीची एक हकिगत आपल्यासारख्या शेतकऱ्याला जास्त भावेल. मोठा चित्रपट काढण्यापूर्वी फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडी थोडी चित्रे घेत राहिले. महिनाभराने ती चित्रे सलग फिरवली तेव्हा मिनिटभरात अंकुर वर आला, पाने फुटली, वेल झाला. ती पाहूनच त्यांच्या मित्राने त्यांना पैसे दिले. रोज समोर उभे राहिले नसते तर हाती काय आले असते? एक कुंडी आणि एक वेल. वाढ दिसली नसती.

त्या रात्री मी झोळीपाशी बराच वेळ बसलो होतो. थोरल्याची वाढ मी अशीच घालवली. मला त्याचे पहिले वर्ष आठवतच नाही. त्या हंगामाचा उतारा मात्र अजून तोंडपाठ आहे.

बांधावरची झोळी

यातून एक गोष्ट फडातही दिसू लागली. जानेवारीत एका सभासदांच्या प्लॉटवर तोडणी चालू होती. बांधावरच्या बाभळीला झोळी, त्यात सात-आठ महिन्यांचे बाळ. बाई कोयता ठेवून पाजायला उठली, तसे मालक मला म्हणाले, "साहेब, ही सारखी उठती. ट्रॉली भरायला उशीर व्हतोय." मी म्हणालो, "दादा, तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला यावा, असं आपण म्हणतो ना? त्या २४ तासांत हिची वीस मिनिटं मावत नाहीत का?" मालक मनाचे चांगले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पिण्याच्या पाण्याची कळशी आणि बाळापुरती मऊ खिचडी आली. अंगणवाडीच्या ताईंनाही त्यांनीच कोप्यांची वाट दाखवली. पुढच्या हंगामात टोळी आपल्या शेतात उतरेल तेव्हा प्रत्येक सभासदाने एवढे करावे, ही माझी विनंती आहे. ऊस आपला असला तरी ते लेकरू आपल्याच बांधावर वाढत असते.

जाता जाता आमच्या घरचा हिशेब देतो. घट्ट घास सुरू झाल्यावर कार्डावरची रेषा हळूहळू पुन्हा वर चढू लागली. मार्चमध्ये वजन ७ किलो ६०० झाले आणि वाढदिवसाला ८ किलो १००, म्हणजे जन्मवजनाच्या बरोबर तिप्पट. वाढदिवसाला केक आणला, तो थोरल्याने आणि आईने खाल्ला. जिचा वाढदिवस तिने खिचडीच मागितली.

परवा संध्याकाळी ती कोनाड्याला धरून उभी राहिली, हात सोडला आणि दोन पावले टाकून माझ्या गुडघ्यावर आपटली. या वेळी मी घरी होतो.

आपल्या गटात बाळ असलेल्या घरांनी अंगणवाडीत जाऊन दर महिन्याला वजन करावे आणि कार्ड उसाच्या नोंदीच्या पावतीइतकेच जपून ठेवावे. रेषा आडवी दिसली तर महिनाभर वाट पाहू नये, ताईंना नाहीतर डॉक्टरांना लगेच विचारावे. पुढील अंकात नेहमीप्रमाणे आडसाली लागणीची पूर्वतयारी.

आपला,
ऊस विकास अधिकारी