जठरव्रण : निदान आणि उपचार

पोटाच्या वरच्या भागांत जळजळ होऊं लागली कीं सुशिक्षित घरांतही तिला ‘पित्त’ असें एकच नांव देण्यांत येतें. सोड्याची चिमूट किंवा आम्लनाशक गोळी घेतली कीं विषय संपतो. दुखणें मात्र संपत नाहीं. त्याच्या मुळाशीं जठराच्या किंवा लहान आंतड्याच्या आरंभीच्या भागास पडलेला व्रण असूं शकतो.

हा व्रण अति आम्लानें व चिंतेनें होतो, अशी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती. दुधाचा आहार, विश्रांति आणि शेवटीं शस्त्रक्रिया असा उपचारांचा क्रम असे. पुष्कळदां व्रण भरून येई आणि पुनः उद्भवे.

१९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वांकडे जंतु दिसले. पुढें बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. हे जंतु प्रयोगशाळेंत वाढेनात, कारण २ दिवसांत कांहीं न दिसल्यास बशा टाकून देण्यांत येत. १९८२ च्या ईस्टरच्या सुटींत त्या ५ दिवस तशाच राहिल्या आणि जंतु वाढले! तरीही अनेकांचा विश्वास बसेना, तेव्हां १९८४ मध्यें मार्शल यांनीं ते जंतु स्वतः प्राशन केले; थोड्याच दिवसांत त्यांना वांत्या झाल्या व जठरास दाह झाल्याचें तपासणींत आढळलें. २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आजचा पोटविकारतज्ज्ञ प्रथम प्रश्न विचारतो. वेदना उपाशीपोटीं होते कीं जेवल्यावर? सांधेदुखीसाठीं वेदनाशामक गोळ्या नित्य घेण्यांत येतात काय? कारण व्रणाचें दुसरें मोठें कारण ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हेंच होय. जरूर तेथें तोंडावाटें लवचीक दुर्बीण घालून तो अस्तर पाहतो व त्याचा कण युरियायुक्त द्रावणांत ठेवतो. हा जंतु युरियापासून अमोनिया तयार करतो. ज्या अमोनियाच्या आश्रयानें तो तीव्र आम्लांत जगतो, त्याच अमोनियानें द्रावणाचा रंग पालटतो आणि जंतु सांपडतो. दुर्बिणीची आवश्यकता नसल्यास श्वासाच्या परीक्षेनेंही त्याचा शोध लागतो.

उपचारांत किमान दोन जंतुनाशकें व आम्ल कमी करणारें औषध बहुधा १४ दिवस देतात. आराम वाटूं लागतांच गोळ्या सोडणें ही येथें घडणारी मोठी चूक. अर्धवट मारलेला जंतु पुढें औषधास दाद देईनासा होतो. जंतु खरोखर गेला कीं नाहीं, हें उपचार संपल्यावर किमान ४ आठवड्यांनीं पुनः तपासावें लागतें.

पुष्कळांच्या जठरांत हा जंतु मुकाट्यानें राहतो. प्रत्येक जळजळ म्हणजे व्रण नव्हे. परंतु वजन अकारण घटूं लागलें किंवा घास गिळतांना अडूं लागला, तर तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करूं नये. डांबरासारखा काळा मळ किंवा रक्ताची वांति झाल्यास तर त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. सोड्याची चिमूट वेदना झांकते. व्रण भरून काढीत नाहीं.