शिखरं पाखडताना

रक्ताच्या नमुन्यातले रेणू क्रोमॅटोग्राफीच्या नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, मास स्पेक्ट्रोमीटर त्यांची नोंद घेतो आणि पडद्यावर काही सेकंदांचं शिखर उमटतं. प्रयोगशाळेत त्याला ‘पीक’ म्हणतात. शेतातल्या पिकासारखंच तेही पाखडून घ्यावं लागतं, कारण यंत्रातला गोंगाटही शिखराचं रूप घेतो. सजीवांतल्या लहान रेणूंचा अभ्यास करणाऱ्या मेटाबोलोमिक्सला हे पाखडणं साधायला जवळपास दीड तप लागलं.

२००६ साली अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतून ‘एक्ससीएमएस’ ही खुली प्रणाली आली आणि शिखरं शोधण्याचं काम संगणकाकडे गेलं. २००८ मध्ये जर्मनीतल्या हाले इथल्या संशोधकांच्या ‘सेंटवेव्ह’ पद्धतीने अरुंद आणि रुंद शिखरं एकाच फेरीत हाती लागू लागली. तेव्हाची मोठी चिंता होती, खरं शिखर निसटू नये. मग दाण्यांबरोबर फोलपटंही आली. २०१७ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या नोंदींतले सुमारे २५,००० संकेत तपासले गेले. एकाच रेणूची अनेक रूपं, अशुद्धी आणि आभास बाजूला काढल्यावर हजाराहूनही कमी रेणू उरले.

तोवर भरवसा मिश्र नमुन्यावर होता. सगळ्या नमुन्यांचा थोडाथोडा अंश एकत्र करून तो पुन्हापुन्हा मोजायचा आणि ज्या संकेताचं माप हेलकावे खातं तो टाकायचा. पण चुकीच्या जागी कापलेलं शिखर दर वेळी तसंच कापलं गेलं, तर तेही स्थिर दिसतं. आकार पाहणं अटळ होतं.

२०२० मध्ये ‘मेटाक्लीन’ या प्रणालीने आकाराची ११ मापं आणि माणसांनी ‘बरं-वाईट’ ठरवलेली शिखरं यांवर यंत्राला शिकवलं. त्याच वर्षी ‘पीकओन्ली’ने हे काम न्यूरल नेटवर्ककडे दिलं. २०२३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सागरी नमुन्यांतली शिखरं एकेक करून डोळ्यांनी पारखली. त्यांना दोनच मापं पुरेशी ठरली: शिखर घंटेच्या आकाराशी किती जुळतं आणि गोंगाटाच्या किती वर उठतं. खोट्या शिखरांचं प्रमाण ७०-८० टक्क्यांवरून १-५ टक्क्यांवर आलं.

अनुभवी नजर आधी हेच दोन गुण पाहते. यंत्राला जे आलं ते कुणीतरी तासन्‌तास बसून पारखलेल्या शिखरांमुळे. त्या कष्टाला शोधनिबंधात जागा मिळायला हवी: ज्या रेणूवर आजाराचा निष्कर्ष उभा आहे, त्याच्या आकड्यासोबत त्याच्या शिखराचं चित्रही छापावं.