ओढक्षमता, वाहनाची

एखादे वाहन आपल्यामागे जोडलेला ट्रेलर किंवा चाकांवर बसविलेले जड यंत्र किती वजनापर्यंत सुरक्षितपणे ओढू शकते, त्या मर्यादेस त्या वाहनाची ओढक्षमता म्हणतात. व्यवहारात ही मर्यादा एंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरविण्याची प्रथा आहे. परंतु ती अपुरी व पुष्कळदा घातक ठरते. ओझे जागेवरून हलविणे, चढावर नेणे, वळणावर ताब्यात ठेवणे आणि उतारावर थांबविणे ही निरनिराळी कामे आहेत. यांपैकी जे काम सर्वांत कमी वजनाला जमेनासे होते, त्यावरून ओढक्षमता ठरते. बहुतेक वेळा ते काम थांबविण्याचे असते.

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी व आसपासच्या गावांत याचे चांगले उदाहरण पाहावयास मिळते. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या भागात गळीत हंगामात ऊस एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यास नेतात. भारी काळ्या जमिनीतून भरलेल्या दोन ट्रॉल्या एकदम निघत नाहीत. म्हणून एकेक ट्रॉली बाहेर काढून, प्रसंगी पुढे दुसरा ट्रॅक्टर लावून, पक्क्या रस्त्यावर त्यांची जोडणी करतात. रस्त्यावर आल्यावर तोच ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्या सहज ओढू लागतो, आणि या सहजतेवरूनच ओझे झेपते असा समज होतो.

हा समज गणिताने तपासता येतो. समजा, ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा व २ टन वजनाचा असून त्याच्या मागील चाकांवर १.३ टन भार आहे. मागे चार चाकी दोन ट्रॉल्या असून उसासह त्यांचे वजन २० टन, म्हणजे एकूण वजन २२ टन आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाके लोटण्यास होणारा विरोध वजनाच्या सुमारे २ टक्के धरल्यास सपाटीवर ४४० किग्रॅ. ओढ पुरते. ताशी २० किमी. वेगाने ही ओढ देण्यास सुमारे ३३ अश्वशक्ती लागते. म्हणजे एंजिन पुरेसे आहे. पंचविसास एक अशा चढावर आणखी ८८० किग्रॅ. ओढ लागते व एकूण गरज १,३२० किग्रॅ. होते. खालच्या गिअरमध्ये एंजिन तीही देऊ शकते. मात्र कोरड्या रस्त्यावर मागील चाकांची पकड त्यांच्यावरील भाराच्या सहादशांश धरल्यास ती जेमतेम ८०० किग्रॅ. भरते. तेव्हा एंजिन बंद पडण्यापूर्वी चाकेच जागेवर फिरू लागतात. टायरांत पाणी भरणे किंवा चाकांवर लोखंडी वजने बसविणे हे उपाय पकड वाढविण्यासाठी योजतात. त्यांनी ओढ वाढते, पण पुढे वर्णिलेला धोका त्या प्रमाणात कमी होत नाही.

ट्रॅक्टरचे ब्रेक बहुधा मागील चाकांवरच असतात आणि उसाच्या ट्रॉल्यांना पुष्कळदा स्वतंत्र ब्रेक नसतात. म्हणजे २२ टनांचा वेग रोखण्याचे काम १.३ टन भार असलेल्या दोन चाकांना करावे लागते. एकटा ट्रॅक्टर ताशी २० किमी. वेगातून सुमारे ४ मी. अंतरात थांबतो. वरील दोन ट्रॉल्यांसह सपाटीवर त्यास जवळजवळ २८ मी. लागतात. पंचविसास एक अशा उतारावर हे अंतर १०० मी.च्या घरात जाते. उतार सतरास एक इतका झाला, की ब्रेकची सर्व पकड आणि चाकांचा विरोध मिळूनही उताराची ओढ तुटत नाही व वाहन थांबतच नाही. या हिशोबात चालकाने ब्रेक दाबेपर्यंत तोडलेले अंतर धरलेले नाही. सपाट वाटणाऱ्या मुलखातही ओढ्यावरील पुलाकडे जाणारा रस्ता थोड्या अंतरापुरता असा उतरता असतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढून घेण्याची सवय अशा वेळी विशेष घातक होय; कारण एंजिनाचा रोधही त्यामुळे नाहीसा होतो. ब्रेक लागताना ट्रॅक्टर व ट्रॉली एका रेषेत नसतील, तर मागील ओझे ट्रॅक्टरला बाजूस ढकलते व दोन्ही वाहने अडकित्ता मिटावा तशी एकमेकांवर मिटतात. ब्रिटनमध्ये मोटारीमागील ब्रेकविरहित ट्रेलरचे भारासह वजन ७५० किग्रॅ. किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक चालत नाही. आपल्याकडील वरील उदाहरणात ते ओढणाऱ्या वाहनाच्या दहापट आहे.

जोडणीची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. ओढीमुळे ट्रॅक्टरच्या पुढील चाकांवरील भार कमी होऊन मागे सरकतो. दोन आसांमधील अंतर २ मी. आणि ओढ १,००० किग्रॅ. असता जोडणी जमिनीपासून ०.५ मी. उंचीवर असल्यास पुढचा भार २५० किग्रॅ.ने घटतो, ती ०.९ मी. उंचीवर नेल्यास ४५० किग्रॅ.ने घटतो. दोन चाकी ट्रॉलीचा दांडा जोडणीवर दाबही देतो. मागील आसाच्या ०.६ मी. मागे ८०० किग्रॅ. दाब पडल्यास पुढचा भार आणखी २४० किग्रॅ. कमी होतो. मुळात पुढे ७०० किग्रॅ.च असतील, तर उंच जोडणीत पुढील चाके जवळजवळ अधांतरी होतात आणि सुकाणू निरुपयोगी ठरते. चढावर क्लच एकदम सोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटून चालक त्याखाली सापडतो. रुतलेली ट्रॉली निघत नाही म्हणून साखळी उंच जागी बांधणे हा या अपघाताचा हमखास मार्ग आहे.

पिकअप वाहनाने काँक्रीट मिसळण्याचे यंत्र, मळणी यंत्र किंवा वायुसंपीडक ओढावयाचा असेल, तर तत्त्वे हीच लागू पडतात. येथे दांड्याचा दाब ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. तो फार कमी असल्यास वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो. जास्त असल्यास पिकअपचे पुढचे टोक हलके होते. हा दाब वाहनावरच येत असल्याने हौद्यातील मालाबरोबर तोही वाहनाच्या भारात मोजावा लागतो. हौदा पूर्ण भरून वर ट्रेलर जोडणे म्हणूनच गैर आहे. निर्मात्याच्या पुस्तिकेत ओढावयाचे वजन दिले नसेल, तर ते वाहन ओढण्यासाठी बनविलेले नाही असेच समजावे. कारागिराने मागे हूक जोडून दिल्याने सांगाड्याची किंवा ब्रेकची ताकद वाढत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते आणि नोंदणीपत्रातील भारासहित वजनापेक्षा जास्त वजन नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये अधिक दंड आहे. परंतु उसाच्या बाबतीत ओझ्याचे नेमके वजन प्रथम कळते ते कारखान्याच्या वजनकाट्यावर, म्हणजे रस्ता ओलांडून झाल्यावर. भरताना अंदाज बांधण्यास आधीच्या खेपांच्या काटापावत्या उपयोगी पडतात. त्याच ट्रॉलीत, त्याच उंचीपर्यंत भरलेल्या उसाचे वजन त्यांवरून कळते, आणि फळीवर त्या उंचीची खूण करून ठेवता येते. उसाची जात किंवा ओलावा बदलल्यास ही खूण नव्याने ताडून पाहावी लागते.