जुन्या नाण्यावरील नक्षी

नाण्यावर नक्षी कोरणें म्हणजे त्यांतील धातु उकरून काढणें होय. प्रथम नाणें लाकडी ठोकळ्यावर लाखेंत घट्ट बसवितात. सुईनें आकृति रेखून पोलादी कोरणीनें रेषा खोदतात. सभोंवार बारीक टिंबें ठोकलीं कीं तो भाग काळसर भासतो व गुळगुळीत राखलेली आकृति उठून दिसते. या कलेचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतलें. तेथें १९१३ सालीं निघालेल्या पांच सेंटांच्या नाण्यावरील मुखास कुशल हातांनीं टोपी, दाढी चढवून नवींच रूपें दिलीं. नाणें जाड व त्यावरील शिर मोठें, म्हणून तें साधलें.

परंतु उकरलेला धातु पुन्हा बसवितां येत नाहीं. आपल्या संगमेश्वरीं १६८९ सालीं छत्रपति संभाजी महाराज पकडले गेले. त्यांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शंभु’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें आढळतात. असें नाणें नक्षीसाठीं घासलें, तर त्या अल्प कारकीर्दीची साक्षच पुसली जाईल.

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, घरांतील पेटींत जुनें नाणें सांपडल्यास तें चिंचेनें घासूं नका. आधीं अक्षरें वाचा व जाणत्यास दाखवा. कोरण्याचा हात बसविण्यास तांब्याचा साधा पत्रा पुरेसा आहे.