फॉर्म ऑनलाइन झाला, पण ज्याला दिसत नाही त्यानं तो भरायचा कसा?

सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज सगळं ऑनलाइन झालं. तालुक्याचे हेलपाटे वाचले, हे खरंच. पण अंध माणसाचा हेलपाटा सेतू केंद्रापर्यंत अजून आहेच, आणि तिथं आपला ओटीपी दुसऱ्याला सांगावा लागतो तो वेगळाच.

न दिसता मोबाईल चालवतात कसा, असं बरेच जण विचारतात. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. सेटिंगमधून ती चालू केली की बोट जिथं फिरेल तिथलं फोन वाचून दाखवतो, मराठीतूनही. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. म्हणजे माणूस तयार आहे, अडतं ते वेबसाइटपाशी. बटणाला आतून नाव दिलेलं नसलं की फोन नुसता ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. ‘चित्रातली अक्षरं टाइप करा’ असं आलं की संपलंच.

मराठीचं दुखणं आणखी निराळं. नोटीस छापायची, सही-शिक्का मारायचा आणि स्कॅन करून टाकायची, ही आपल्याकडची पद्धत. सॉफ्टवेअरच्या लेखी ते फक्त चित्र. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर त्याहून वाईट. पडद्यावर मराठी दिसतं, ऐकू मात्र भलतंच काहीतरी येतं. (जाहीर सूचनांचे फोटो आम्हीही तसेच लावतो, हे कबूल करायला हवं.)

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. ऑनलाइन माहिती आणि सेवा दिव्यांगांना वापरता आल्या पाहिजेत, असं त्यात आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यापुढं जाऊन डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. प्रकरण होतं केवायसीचं. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं ॲप म्हणतं. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या बाईनं ते कसं करावं? न्यायालयानं केवायसी सोपी करण्यासाठी २० निर्देश दिले.

ग्रामपंचायत असो की पतसंस्था, सुरुवातीला फार खर्च नाही. नोटीस युनिकोडमध्ये टाइप करून मजकूर म्हणूनच टाका, फोटोखाली दोन ओळी लिहा. वेबसाइट बनवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर टॉकबॅक चालू करा आणि डोळे मिटून एक फॉर्म भरून बघा. सरकारी वेबसाइटवर अडलं, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.