रावडी येण्याआधीचा फुटपाथ

2003 साली 'करिया' हा कन्नड सिनेमा आला. निर्माते आनेकल बालराज, दिग्दर्शक प्रेम, तोही पहिल्यांदाच, आणि नायक दर्शन. खऱ्या टोळ्यांमधली माणसं त्यात पडद्यावर उभी केली होती. गरीब वस्तीतला तापट पोरगा, हातात 'लाँग', म्हणजे लांब पात्याचा कोयता, मध्येच जीव जडलेली मुलगी, आणि पुढे परतीची वाट बंद. बंगळूरच्या दक्षिण टोकाच्या आनेकल तालुक्याचं नाव मिरवणाऱ्या निर्मात्याचा हा सिनेमा रावडीपटाच्या, म्हणजे गुंडपटाच्या, साच्यातला आहे. आज तो साचा इतका मुरलाय की शहरी गरिबी आणि गुन्हा म्हटलं की लाँगच डोळ्यांसमोर येतो. पूर्वी तसं नव्हतं.

1980 चा दिग्दर्शक शंकर नागचा 'मिंचिन ओट' बघा. हा माणूस मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला. '22 जून 1897' या मराठी चित्रपटातला त्याचा वाटा आपल्याकडच्या जाणकारांना आठवत असेल. 'मिंचिन ओट'मध्ये मोटारी चोरणारे भुरटे आहेत, अनंत नाग आहे, आणि प्रिया तेंडुलकरही. या चोरांना दरारा नाही, टोळी नाही. पोट भरायचं आणि पकडलं जायचं नाही, एवढंच त्यांचं जग.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचाच 1985 चा 'ॲक्सिडेंट'. नशेत गाडी चालवणारा राजकारण्याचा मुलगा फुटपाथवर झोपलेल्या माणसांना चिरडतो. बाप सत्तेच्या जोरावर प्रकरण दाबायला निघतो आणि एक पत्रकार त्याच्या मागे लागतो. बापाच्या भूमिकेत अनंत नाग, पत्रकार स्वतः शंकर. इथे गरीब माणूस गुन्हा करत नाही, त्याच्यावर गुन्हा होतो. आणि तो करणारा झोपडपट्टीतून नाही, बंगल्यातून येतो. सामाजिक विषयासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाला. 1990 मध्ये शंकर नाग स्वतः रस्ते अपघातात गेला आणि ही वाट जवळजवळ बुजली.

मग 1995 मध्ये उपेंद्रचा 'ओम' आला आणि सगळं पालटलं. नायक शिवराजकुमारच्या जोडीला खरे रावडी कॅमेऱ्यासमोर आले, सिनेमा पुन्हापुन्हा प्रदर्शित होत राहिला. गंमत म्हणजे नायक गरिबीमुळे नाही, प्रेमापायी बिघडतो. तो पुरोहिताचा मुलगा आहे. 2007 च्या 'आ दिनगळु'तही, पटकथेत गिरीश कार्नाडांचा हात असूनही, आपण ऐंशीच्या दशकातल्या टोळीयुद्धाकडे एका श्रीमंत तरुणाच्या बाजूने पाहतो. वस्ती मागे पडद्यासारखी टांगलेली राहते.

साच्यात राहूनही काहींनी त्याला वाकवलं, हे मात्र मान्य करायलाच हवं. 'करिया'नंतर दोनच वर्षांनी प्रेमने 'जोगी' केला. गावातून पोराला शोधत आलेली आई अरुंधती नाग यांनी केली आहे. आई आणि मुलगा एकाच शहरात, पण चुकामूक होतच राहते. शेवटी प्रेतयात्रेपुढे बेभान नाचणाऱ्या मुलाला तिरडीवर कोण आहे हे ठाऊकच नसतं. शत्रू, बदला, लाँग, सगळं त्या क्षणी फिकं पडतं. गावातून येणाऱ्या माणसाला शहर कसं गिळतं, ते त्या नाचात दिसतं. 'वास्तव'मधल्या आईच्या हातची गोळी आपल्याला माहीत आहे. तिथे निदान आई निर्णय घेते. 'जोगी'तल्या आईला तेवढंही मिळत नाही.

सूरीच्या 'दुनिया'तला (2007) शिवलिंगू खाणीत दगड फोडणारा. मेलेल्या आईची समाधी बांधायला पैसे हवेत, म्हणून तो शहरात येतो. नायकाची हाव एका समाधीएवढी! शिवलिंगू झालेल्या विजयच्या चालण्यात, खांद्यांत दगडाचं ओझं राहतं, मारामारीतसुद्धा. आनेकल तालुक्यातल्या जिगणीत ग्रॅनाइट कापणारे कारखाने आहेत. धुळीने पांढरे झालेले खांदे तिथे रस्त्यावरच दिसतात.

याच तालुक्यात बोम्मसंद्र आणि अत्तिबेलेच्या औद्योगिक वसाहती आहेत, आणि वेशीवर इलेक्ट्रॉनिक सिटी. जमिनी विकल्या गेल्या, शेतकऱ्याच्या पोराचं काय झालं, हा प्रश्न मराठीत प्रवीण तरडेंच्या 'मुळशी पॅटर्न'ने (2018) थेट विचारला. त्यातही शेवटी बंदूक आणि गाडीतला रुबाब बाजी मारतो, पण सातबारा हातचा गेलेला बाप पडद्यावर राहतो. आनेकललाही असा बाप हवा.

7 ऑक्टोबर 2023 ला अत्तिबेलेत फटाक्यांच्या गोदामाला आग लागली आणि डझनाहून जास्त माणसं मेली. त्यांतली बरीच तमिळनाडूतून कामाला आलेली तरुण मुलं होती. या मृत्यूंमध्ये लाँग नाही, गाणं नाही, सूड घेणारा भाऊ नाही. आहे ते गोदाम, परवाना, रोजंदारी आणि दिवाळीआधीची घाई. रावडीपटाच्या साच्यात हे बसत नाही. 'ॲक्सिडेंट'मधल्या पत्रकाराच्या हाती मात्र हे प्रकरण सोपवता आलं असतं: परवान्यावर सही कुणाची, गोदाम कुणाचं, पोरांना तिथे कामाला आणलं कुणी.